म आणि नी सोडून

तुरटीचा खडा वाटीतल्या पाण्यात बुडवून श्रीनिवासरावांनी डाव्या हाताच्या बोटांची टोकं टणक व्हावीत म्हणून एकेक करून घासली. करंगळी सगळ्यात शेवटी. मग बोटं हवेत धरून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहिले.

"वाळली का मेंदी?" कालिंदीबाईंनी आतून चेष्टेनं विचारलं.

"वाळत आलीय."

"रंग चढू द्या. घाई करू नका."

स्वयंपाकघरात सूप हलल्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या तालावर कालिंदीबाईंची गुणगुण. तांदूळ निवडताना त्या नेहमी एकच गुणगुणत. त्यांच्या आईची भूपाळी होती ती. शब्द अर्धेच आठवत, पण चाल पुरी होती. श्रीनिवासरावांनी ती ऐकून घेतली. एक ओळ संपली, दुसरी सुरू व्हायच्या आत त्यांनी भिंतीला टेकवलेली गिटार मांडीवर घेतली. गुणगुण लगेच थांबली. हे असंच चालायचं. गिटार सुरू झाली की कालिंदीबाई गप्प होत. तो त्यांचा अदब.

सा पाचव्या तारेवर, तिसऱ्या पट्टीत, अनामिकेनं. रे मोकळ्या तारेचा. ग, म. मग पुन्हा मोकळी तार, तो प. असं वरच्या ‘सा’पर्यंत जायचं आणि तसंच उतरून यायचं. चढायचं, उतरायचं. गेल्या गुरुपौर्णिमेपासून ते एवढंच वाजवत होते, आणि त्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

गिटार त्यांची नव्हती. वरच्या मजल्यावर चिकलठाण्याच्या कारखान्यातला एक इंजिनिअर भाड्यानं राहायचा. त्याची बदली झाली, सामान ट्रकमध्ये मावेना. "राहू द्या काका, घरात पोराबाळांना होईल," असं म्हणून तो ती ठेवून गेला. घरात पोरंबाळं नव्हतीच. होते ते श्रीनिवासराव. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर ते वर्षभर ह्याच खुर्चीत, समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. पुस्तक हातात असे, पान उलटत नसे. मग एक दिवस गिटारीवरची धूळ पुसता पुसता अंगठा तारेला लागला, आणि दुसऱ्या दिवशी ते छावणीत गिटार शिकवणाऱ्या शमुवेल साळवेचा पत्ता विचारत गेले.

साळवे असेल सव्वीस-सत्तावीसचा. दिवसा कारखान्यात, रविवारी चर्चमध्ये गिटारीवर, संध्याकाळी शिकवण्या. श्रीनिवासराव पहिल्या दिवशी नारळ घेऊन गेले आणि पाया पडायला वाकले, तेव्हा तो बिचारा दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकला होता.

"काका, हे काय करता? आणि मला गुरुजी नका म्हणू. पोरं हसतील."

"हसू द्या," श्रीनिवासराव म्हणाले. हसण्याला भीत नाही असं ते आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच म्हणाले असतील.

त्याच आठवड्यात, बाकीची मुलं गेल्यावर, त्यांनी साळवेला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि खाली बघत, अगदी हलक्या आवाजात, ती भूपाळी गुणगुणून दाखवली.

"मला एवढंच यायला हवं. दुसरं काही नको. आमच्या घरी आवडतं." मग जरा थांबून, "घरी मात्र कळू देऊ नका."

"होईल की काका. आधी स्केल पक्की करू."

साळवे स्केल म्हणे, श्रीनिवासराव सप्तक. आणि त्या सप्तकावरच साळवेनं त्यांना ठेवलं. नंतर आलेली शाळकरी पोरं सिनेमाची गाणी वाजवून क्लास सोडूनही गेली. दिवाळीत श्रीनिवासरावांनी एकदा भीत भीत विचारलं, "आता गाणं?" साळवे खिडकीबाहेर बघू लागला. "थोडं अजून पक्कं होऊ द्या," तो म्हणाला. श्रीनिवासरावांना वाईट वाटलं नाही. उलट घरी येताना ते छावणीपासून पायीच आले. आयुष्यभर त्यांनी जी पुस्तकं वाचली होती, त्यांत हेच तर होतं. गुरू शिष्याला वर्षानुवर्षं एका सुरावर बसवून ठेवतो, पाणी भरायला लावतो, पारख करतो. ज्याच्याकडून काही व्हायचं नसतं त्याला पहिल्याच दिवशी गाण्याची एखादी चीज देऊन वाटेला लावतो. आपल्याला वाटेला लावलेलं नाही. आपल्यात काहीतरी आहे, असं कुणाला तरी वाटतंय.

"गुरू गाणं देत नाहीत अजून," ते घरी सांगत.

"देतील हो," कालिंदीबाई म्हणत. "घाई काय आहे?"

*

गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा शाल घ्यायला ते गुलमंडीवर गेले. बरोबर नानासाहेब होते. नानासाहेब पाचोडचे, पन्नास एकरांचे धनी. नातवंडांच्या शाळेसाठी शहरात बिऱ्हाड केलेलं. दोघांनी निजामाच्या अमलात एका बाकावर बसून अलिफ बे गिरवलं होतं. पोलिस अ‍ॅक्शन झाली, उर्दू गेली, आणि मोठी झालेली ती पोरं पुन्हा लहानांच्या रांगेत बसून शाळेची मराठी शिकली. नानासाहेबांनी त्या वर्षी शाळा सोडली. श्रीनिवासरावांनी पाटी पुसून पुन्हा लिहायला घेतलं.

"कुणासाठी म्हणायलात शाल?" दुकानाच्या गादीवर बैठक मारत नानासाहेबांनी विचारलं.

"साळवेसरांसाठी."

"त्या गिटारवाल्या पोरासाठी? अहो, त्याच्याएवढा माझा धाकटा पुतण्या हाय. त्याला मी अजून कानाला धरतो."

"गुरूचं वय बघत नाहीत, नानासाहेब."

"बरं, नाय बघत. पण वर्षात शिकवलं काय त्यानं?"

"सप्तक."

"म्हंजे सारेगम." नानासाहेबांनी दुकानदाराकडे बघून डोळा मिचकावला. "आमच्या पाचोडचा फकिरा बँडवाला पोरांकडून तीन म्हैन्यात पुरी वरात वाजवून घेतो. नवरदेव उतरंस्तोवर थांबत नाय."

"वरातीचं वेगळं. घराण्यांत बारा-बारा वर्षं नुसता सा लावून घेत."

"ते धा वर्षांच्या लेकराकडून. तुम्ही साठीचे. बारा वर्षं सा लावला, तर रे काय मसणात लावणार व्हय?"

दुकानदार हसला, त्याचा नोकरही हसला. श्रीनिवासरावही हसले. एरवी असं चारचौघांत कुणी काही म्हटलं तर त्यांचे कान तापत आणि पुढचे आठ दिवस ते त्या रस्त्यानं जात नसत. पण ह्या बाबतीत त्यांना काही लागत नव्हतं. ते नोकराला एकेक शाल उलगडायला लावत होते. कापड गालाला लावून बघत होते. शेवटी एका डाळिंबी शालीवर त्यांचा हात थांबला.

"ही. ही शोभेल त्यांना."

नानासाहेबांचं हसू तोवर मावळलं होतं. ते गादीवरून उठले, चपला पायात सरकवल्या आणि श्रीनिवासरावांचा दंड धरून त्यांना दुकानाच्या पायरीवर घेऊन आले.

"श्रीनिवास," ते म्हणाले. शाळेनंतर त्यांनी कधी असं नुसतं नाव घेतलं नव्हतं. "शाल राहू दे."

"का? महाग वाटते?"

"तसं नाय. तुला गाणं शिकवायचा तो पोरगा आपणहून थांबलेला नाय. त्याला थांबवलंय."

"कुणी?"

नानासाहेबांनी आवाज खाली आणला.

"वहिनींनी. पोराला जाऊन सांगितलं त्यांनी, ह्यांना गाणं देऊ नको, सारेगमवरच ठेव. माझ्या बायकोला, लक्ष्मीला, त्या स्वतः बोलल्या. मला वाटलं, तुला ठाऊक असंल. मग तू त्या गुरूच्या गोष्टी सांगायलास, तेव्हा कळलं की नाय ठाऊक. मग म्हटलं, नवरा-बायकोचं, आपण कशाला."

"कधी बोलली?"

"दिवाळीत."

"दिवाळीपासून तुला माहीत आहे." श्रीनिवासरावांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आणि रोज त्या फकिराचं नाव काढून मला हसत होतास."

"त्याच्यासाठीच हसत होतो की बाबा! म्हटलं, एखाद दिवशी चिडशील, जाऊन विचारशील त्याला. तर तू चिडतच नाय."

श्रीनिवासरावांनी दंड सोडवून घेतला. मग आत गेले.

"बांधा ती डाळिंबी," ते दुकानदाराला म्हणाले.

*

कालिंदीबाईंनी शाल मांडीवर पसरली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"रंग छान काढलात. पोरगं सावळं आहे, खुलेल."

श्रीनिवासराव त्या हाताकडे बघत होते. चाळीस वर्षं ह्या हातानं त्यांना वाढलं होतं. ताटात काय जास्त झालं, काय कमी, हे त्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं. त्यांना तिचं नवल वाटे. न सांगता हिला सगळं कळतं कसं.

"तुला काय वाटतं," त्यांनी विचारलं, "ह्या पौर्णिमेला देतील गाणं?"

हात थांबला नाही. शालीच्या काठावरून पुढं सरकत राहिला.

"देतील की. नाही दिलं तरी बिघडलं काय? सप्तक किती गोड वाजवता तुम्ही." त्या उठल्या. चहाचा कप आणून त्यांनी समोर धरला. "घ्या. कपाच्या कानाला धरा, आत्ता उतरवलाय."

श्रीनिवासरावांनी कप डाव्या हाताच्या बोटांत, कान सोडून अंगालाच धरला आणि तसाच धरून ठेवला.

"अहो, भाजेल!"

"नाही कळत."

"असं कसं कळत नाही?"

"टोकं मेलीत," ते म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात तुरटीची वाटी कोरडी राहिली. कालिंदीबाई दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. "आज सुट्टी?" त्यांनी विचारलं. "आज सुट्टी," श्रीनिवासराव म्हणाले.

*

गुरुपौर्णिमेच्या दुपारी श्रीनिवासराव पोचले तेव्हा साळवे नुकताच पहिली पाळी करून आला होता. अंगात कारखान्याचा निळा शर्ट तसाच होता. श्रीनिवासरावांनी नारळ टेबलावर ठेवला, शालीची घडी मोडली आणि त्याच्या खांद्यावर घातली. आता हे वाकणार, म्हणून साळवे सवयीनं दोन पावलं मागं सरकला.

श्रीनिवासराव वाकले नाहीत.

ते ताठ उभे होते, आणि भिंतीपाशी शाल पांघरून उभा असलेला साळवे त्यांच्याकडे बघत होता. बाहेर, शेजारच्या चर्चच्या अंगणात कुणीतरी बादलीनं झाडांना पाणी घालत होतं.

"कुणी सांगितलं काका?"

"म्हणजे खरं आहे."

साळवेनं स्टूल पुढं ओढून दिलं. श्रीनिवासराव बसले नाहीत, म्हणून तोही उभाच राहिला.

"तुम्ही यायला लागलात, त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकू आल्या होत्या. लोणचं घेऊन. म्हणाल्या, ह्यांना गाणं देऊ नकोस. मी म्हटलं, काकू, गाणं दिलं नाही तर माणूस कंटाळून सोडून जातो. तर म्हणाल्या, दुसरे जातात. हे नाही जायचे." त्यानं टेबलावरचा नारळ सरळ केला. "म्हणाल्या, गाणं आलं की ते कुणाला तरी ऐकवतील. कुणीतरी हसेल. मग गिटार माळ्यावर जाईल आणि हे परत त्या खुर्चीत बसतील. सारेगमला हसलं तर त्यांना लागायचं नाही. ते गुरूचं नाव सांगतील."

"असं म्हणाली?"

"ग्रंथालयाच्या कुठल्यातरी समारंभाचं सांगत होत्या. तुम्ही काहीतरी वाचलंत म्हणे, आणि लोक हसले. मग लिहिणं सोडलंत. मग बंगाली शिकत होतात, ते सोडलंत."

श्रीनिवासरावांनी मान हलवली. त्या समारंभात कालिंदीबाई मागे बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. मागपर्यंत ते हसू पोचलं नसेल, असं त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. कारण परतताना रिक्षात त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, छान झालं तुमचं.

"आणि गाणं कुणासाठी हवं होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"ते तिला सांगितलं नाहीत."

"तुम्हीच म्हणाला होता, कळू देऊ नका."

"बरोबर."

"मला दुसरं काही सुचलं नाही काका. त्यांना शब्द दिला होता, तुम्हालाही दिला होता. तुम्ही यायचात, पाया पडायला वाकायचात, मला जीव नकोसा व्हायचा." त्यानं खांद्यावरची शाल काढली आणि हातात घेऊन उभा राहिला. कुठं ठेवावी ते त्याला कळेना. मग एकदम तो वळला आणि कोपऱ्यातली गिटार घेऊन आला. "चला, आजच सुरू करू. बसा. मला चाल पाठ आहे ती."

"नको."

"काका, अर्ध्या तासात येईल तुम्हाला. खरंच सांगतो, तुमचा हात..."

"नको म्हटलं ना."

एवढ्या मोठ्यानं ते बोलत नसत. अंगणातला बादलीचा आवाजही क्षणभर थांबला. श्रीनिवासरावांनी चपला घातल्या. ते फाटकाशी पोचले तोवर साळवे अनवाणीच मागून आला.

"काका, घरी गेल्यावर एकदा म आणि नी सोडून वाजवून बघा."

श्रीनिवासरावांनी मागे वळून बघितलं.

"तेवढंच," साळवे म्हणाला. "ते गाणं नाही. स्केलच आहे."

*

त्यानंतर बरेच दिवस गिटार भिंतीला टेकून होती. कालिंदीबाई तिच्यावरून फडकं फिरवत आणि होती तिथंच ठेवत. खुर्चीकडे बघायचं टाळत. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "नानासाहेबांच्या लक्ष्मीबाई आल्या होत्या." "बरं," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांना वाटलं, आता पुढं काहीतरी येईल. कालिंदीबाईंनी भात वाढला. त्यांना हवा होता तेवढाच.

मग एका सकाळी त्या भाजीला गेल्या. फाटकाची कडी वाजली, पावलं वळणापलीकडे गेली, आणि श्रीनिवासराव उठले. तुरटी लावली नाही. दार पुढं केलं, गिटार मांडीवर घेतली आणि सप्तक एकदा नेहमीसारखं वाजवलं. बोटांना काही विसर पडला नव्हता.

दुसऱ्यांदा वाजवताना ग नंतर त्यांनी बोट उचललं. म तसाच राहिला. मोकळ्या तारेचा प वाजला. ध. मग नी ओलांडून एकदम वरचा सा.

ते थांबले. पुन्हा वाजवलं, जरा सावकाश. वर जाताना ओळखीचं काही नव्हतं. उतरताना ध वरून प वर येऊन ते घुटमळले, ग वर आले, पुन्हा एकदा प ला शिवून रे वर उतरले, आणि त्यांना तांदूळ निवडण्याचा आवाज आला. स्वयंपाकघर रिकामं होतं. ही भूपाळीची पहिली ओळ होती.

दुसरी ओळ त्यांना शोधावी लागली नाही. एके ठिकाणी चुकले, मागे जाऊन दुरुस्त केलं. पाच सूर होते, पाचही जागेवर होते. वर्षभर त्या जागांवर बोटं एवढ्या वेळा पडली होती की आता ती नुसती चालत गेली. आईकडून कालिंदीबाईंकडे आलेली ती चाल शेवटपर्यंत वाजली, आणि शेवटच्या ‘सा’वर श्रीनिवासरावांनी तळवा ठेवून तार शांत केली. कुणी हसलं नाही. ऐकायला कुणी नव्हतंच.

त्यांनी ती पुन्हा वाजवली. ह्या वेळी एकदाही चुकले नाहीत. डोळे पाण्यानं भरले म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि तसंच वाजवत राहिले.

फाटकाची कडी वाजली.

ओळ अर्धी झाली होती. श्रीनिवासरावांचा हात थांबला नाही. तो नुसता वळला. सा, रे, ग, म, प, ध, नी, सा. चढले, उतरले. चष्मा डोळ्यांवर चढवला. पुन्हा चढले.

कालिंदीबाई दारात आल्या. भाजीची पिशवी हातातच होती. चपला काढायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"मिळाली भाजी?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"मिळाली. मेथी चांगली होती." त्या उंबऱ्याशीच उभ्या होत्या. "थांबू नका. वाजवा ना."

"तेच आहे रोजचं."

"असू दे. छान वाजतं."

श्रीनिवासरावांनी वर बघितलं नाही. रिक्षातला तो शब्द आणि हा शब्द, आवाज अगदी तोच होता. कालिंदीबाई आत गेल्या. पिशवी ओट्यावर ठेवल्याचा, मेथीची जुडी सोडल्याचा आवाज आला. श्रीनिवासरावांनी पुन्हा खालच्या ‘सा’पासून सुरुवात केली.

आणि आत गुणगुण सुरू झाली.

गिटार वाजत असताना कालिंदीबाई कधी गुणगुणत नसत. आज पहिली ओळ हळू आली. जिथं श्रीनिवासरावांनी मघाशी ओळ तोडली होती तिथं ती थांबली, आणि वाट बघितल्यासारखी थांबूनच राहिली.

त्या चालीत म नव्हता; तो वाजला तर नुसतं सप्तक, सोडला तर भूपाळी. श्रीनिवासरावांनी अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या पट्टीत नेली, म वर ठेवली आणि दाबून धरली. उजवा हात अजून तारेवर पडायचा होता.